आमच्या बाजूचा बांध

आनेकलपलीकडच्या त्या लहानशा गावातली नदी एरवी धुणं धुण्यापुरतीच. माझं नवं लग्न झालेलं. नवरा बेंगळुरात कारखान्यात, शनिवारच्या बसनं घरी यायचा. घरी मी आणि सासरे. ते शिंपीकाम करायचे, पण अर्धांगानं त्यांची एक बाजू लुळी पडली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मद्रासकडे वादळ आल्याचं रेडिओवर सांगितलं. समुद्र इतका लांब, आपल्याला काय, असंच सगळे म्हणाले. मग पाऊस लागला तो थांबेचना. बस बंद झाली. गावावरचा तलाव काठोकाठ भरला, बांधातून पाणी झिरपू लागलं.

दुपारी शेजारची अक्का धावत आली. "बांध आपोआप फुटला तर अख्खं गाव जाईल. म्हणून बाजारपेठ वाचवायला आपल्या बाजूनं फोडताहेत. निघ!"

मी चिखलातून बांधाकडे पळाले. पुरुष कुदळी चालवत होते. "म्हातारं माणूस आहे घरात, उचलायला दोघं तरी या हो!" मी रडून सांगितलं. एकजण मान वर न करता म्हणाला, "स्वल्प थांब, अम्मा." कुदळी काही थांबल्या नाहीत.

परत आले तेव्हा मामंजी खाटेवर उठून बसायला धडपडत होते. "मला राहू दे पोरी, तू जा."

अक्कानं आणि मी त्यांना घोंगडीवर घातलं आणि ओढत निघालो. शाळा चढावर. घोंगडी रुतायची, ते कण्हायचे. मी "आलंच, आलंच" म्हणत होते, पण पावसात मला शाळा दिसतही नव्हती. मागे पाण्याचा आवाज झाला. "वळून बघू नको," अक्का म्हणाली. मी बघितलं. आमची कौलं एका अंगाला झुकली आणि खाली बसली.

शाळेत कोरडं असं काही नव्हतं. मामंजींना ताप चढला. डॉक्टर नदीपलीकडे. मी त्यांचे पाय चोळत राहिले. अक्कानं कुठूनशी गरम कॉफी आणली, ती त्यांच्या ओठांतून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी ते गेले. शाळेजवळच्या टेकाडामागे त्यांना माती दिली.

बाजारपेठ वाचली. लोक मला तसं येऊन सांगतही होते.

नवरा आनेकलहून चालत आला. आधी घराच्या जागी गेला, मग शाळेत.

"अण्णा कुठंयत?"

अक्कानं त्याचा हात धरला आणि ती त्याला टेकाडामागे घेऊन गेली.