फोटोत माणूस नको

उन्हाळ्यात सोलापूरजवळच्या आमच्या माळावर एक फोटोवाला चार दिवस येत होता. गळ्यात हातभर लांब कॅमेरा, मानेवर ओलं फडकं. नाव मी विचारलं नाही. डोंगरातल्या जंगलांत पायी हिंडून त्यानं वाघ-अस्वलांचे फोटो काढले होते. लांडगा तेवढा राहिला होता.

मी मेंढरं घेऊन गेले की तो म्हणायचा, “आजी, जरा लांब जाता का? फोटोत माणूस नको.”

मी लांब जायचे. मेंढरांमागं लांडगाही जायचा. हा तिथंच पालथा पडून राहायचा.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, “लेका, लांडगा मेंढरांमागं फिरतो. माझ्यासंगं चल की.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“तू इचारलंस कुटं? लांब जा म्हणलास, गेले.”

दिवसभर तो माझ्याबरोबर चालला. माझी भाकरी खाल्ली. नवरा कधी गेला, ते विचारलं. एवढं माझ्याशी कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

दुपारी बाभळीखाली लांडगा बसलेला मला दिसला. मी बोलले नाही. फोटो मिळाला की हा उद्या कशाला येईल?

संध्याकाळी कॅमेरा पिशवीत घालत तो म्हणाला, “जाऊ दे आजी. आज रजा संपली.”

हे सकाळी सांगितलं असतं, तर मी लांडगा दाखवला असता.