नातीसाठी घोंगडी हवी आहे

मंडळी, आज सकाळी नातीचा फोन आला. तिला विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं, पण फक्त एका वर्षाच्या करारावर. ती हिरमुसली होती आणि मी मात्र खो खो हसत सुटलो.

साठच्या दशकात मलाही असंच काम मिळालं होतं. पुण्यात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, वर्षाच्या बोलीवर. आमचे वडील, म्हणजे आबा, वरवंडचे शेतकरी. त्यांनी नेमणुकीचं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी सायबानं तुला सालगडी ठेवलाय व्हय!"

सालगड्याला घोंगडी आणि वहाणा द्यायचा आमच्याकडं रिवाज. पहिल्याच आठवड्यात आबा थेट प्रयोगशाळेत, आमच्या सरांपुढं हजर!

"सायेब, पोरगं राबंल, त्येची काळजी न्हाई. पर घोंगडी आन् वहाणा कवा देताय?"

मला वाटलं, गेली नोकरी. सर शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "आबा, मलाच अजून मिळाल्या नाहीत. मीही वर्षाच्याच बोलीवर आहे."

आबा गावी गेले. पंधरा दिवसांनी परत आले ते शिरूरच्या बाजारातून दोन घोंगड्या घेऊन. एक माझी, एक सरांची.

हे सगळं सांगून नातीला म्हटलं, "तुलाही घोंगडी पाठवतो."

ती म्हणाली, "आजोबा, दोन पाठवा. आमच्या मॅडमही करारावरच आहेत."

तर शिरूर-दौंडकडं चांगली घोंगडी विणणारं अजून कुणी असेल, तर कळवा. आणि तुमच्यातलं कोण कोण करारावर आहे तेही सांगा, एकदमच मागवतो.