दुपारचे विमान
विमानांचे मार्ग गणिताने आखणे हे माझे काम. सुट्टीत उज्जैनला आले की भैरवगढच्या एका वृद्ध छपाईकाराकडून मी चादर घेते. दुपारचे विमान डोक्यावरून जाईपर्यंत ते लाकडी ठसा हातातच धरून वर पाहत राहत. मस्कतला गेलेला मुलगा त्याच विमानाने परतेल, अशी त्यांची खात्री होती.

यंदा त्यांनी विचारले, "बिटिया, दोपहर वाला जहाज बंद हो गया क्या? लड़का आएगा किससे?"

इंधन वाचावे म्हणून तो मार्ग आमच्याच गटाने सरळ केला होता.

"बंद नहीं हुआ, चाचा. अब दक्खिन से जाता है. रास्ता हमने ही बदला है."

"अच्छा किया. जल्दी पहुँचेगा."

दुसऱ्या दिवशी चादर आणायला गेले, तेव्हा त्यांचे मेज दक्षिणेच्या खिडकीशी सरकले होते. नवा मार्ग इतक्या दुरून जात होता की तिथूनही ते विमान दिसणे शक्य नव्हते. मी तसे सांगितले नाही.