आढीतले दीडशे आंबे आणि त्यांचा वेग

इंटर सायन्सच्या कॅलक्युलसची पहिली चार प्रकरणं मला येत होती. पाचवं उघडायच्या आधी माझं लग्न झालं आणि मी अंबरनाथला आले. अर्धवट शिकलेला वैद्य एक वेळ गावाला परवडेल, पण अर्धवट शिकलेली सून घराला परवडत नाही, हे मी पहिल्याच उन्हाळ्यात सिद्ध केलं.

माझी धाकटी नणंद कुसुम हिला बदलापूरचं स्थळ आलं होतं. मुलगी पाहून झाली होती, होकार तेवढा अडला होता. तो द्यायला मुलाकडची बारा माणसं रविवारी आमच्याकडे आमरस-पुरी जेवायला यायची होती. सासूबाईंच्या भावाने त्यासाठी खरवईहून दीडशे पायरी आंबे पाठवले. सासूबाईंनी ते कोठीच्या खोलीत पेंढ्यात घालून आढी लावली आणि रविवारपर्यंत साठ तरी पिकायला हवेत, लक्ष ठेव, असं मला बजावून त्या पापडांच्या मागे लागल्या.

लक्ष ठेवायचं म्हणजे रोज संध्याकाळी पेंढा उचलायचा, वास घ्यायचा आणि पिकलेले बाजूला काढायचे. नुसत्या नाकावर विसंबणं मला कमीपणाचं वाटलं. (कॉलेजात गेलेलं नाक होतं ते!) मी जुन्या कॅलेंडरच्या मागे आलेख काढला. सोमवारी एक आंबा पिकला, मंगळवारी दोन, बुधवारी सहा.

हे काय चाललंय, असं मामंजींनी विचारलं. मामंजी म्हणजे माझे सासरे, कारखान्यात फोरमन. मी त्यांना त्यांच्या सायकलीवरून समजावलं. पालेगावाहून घरी यायला किती वेळ लागला यावरून सरासरी वेग निघतो. पण उतारावर ऐन त्या क्षणी सायकल किती जोरात होती हे हवं असेल, तर मधल्या वेळेचं अंतर लहान लहान करत न्यायचं. पाच मिनिटं, एक मिनिट, एक सेकंद, अगदी शून्याला टेकेपर्यंत. मग जो हाती लागतो तो डेरिव्हेटिव्ह.

"उतारावर मी ब्रेक दाबतो," मामंजी म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

गुरुवारी सकाळपासून मी अंतर लहान करायला घेतलं. दिवसाचं मोजमाप सोडून दर दोन तासांनी आढी उपसू लागले, मग दर तासाने, मग दर अर्ध्या तासाने. प्रत्येक आंबा अंगठ्याने दाबून पाहायचा आणि कागदावर टिंब द्यायचं. सासूबाई दारातून डोकावल्या.

"आंबे आहेत गं ते. तापाचे पेशंट नाहीत," त्या म्हणाल्या.

दुपारी माझा वेग निघाला, दिवसाला सहा. पट्टी ठेवून रेघ सरळ रविवारपर्यंत ओढली, तर एकूण आंबे तेहतीस! पाहुण्यांना वाटीच्या तळाशी रस वाढला, तर कुसुमचा होकार त्या वाटीतच बुडणार होता. सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. त्यांना विचारण्यात वेळ घालवावा असं मला वाटलं नाही. अख्खी आढी मी चुलीमागच्या भिंतीला हलवली, वर दुप्पट पेंढा घातला आणि निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडून आणलेली चार गोणपाटं पांघरली.

शुक्रवारी संध्याकाळी घमघमाट सुटला. मी खूश होते. शनिवारी सकाळी सासूबाईंनी गोणपाट उचललं आणि त्या मटकन खालीच बसल्या. झाडून सगळे आंबे पिकले होते, आणि एकूणएक आंब्यावर माझ्या अंगठ्याचा काळा डाग होता.

"अगं, आंबा रोज सारखा पिकतो होय?" त्या म्हणाल्या. "एक पिकला की तो शेजारच्या चौघांना पिकवतो. आपोआप झाले असते की रविवारपर्यंत. उद्या यांचं आंबलेलं पाणी होईल."

वेग स्वतःच रोज वाढत होता, तर! वाढत्या वेगाचाही वेग काढतात, हे पाचव्या प्रकरणात होतं. सासूबाईंना ते पुस्तक न उघडता येत होतं. मला रडूच आलं.

मामंजी कारखान्याला दांडी मारून सायकलने बदलापूरला गेले. उद्याचं जेवण आजच आहे, कृपा करून या, असं सांगून आले. बारा माणसं भर दुपारी आली, पण बिचकत आली. मुलाच्या आईने रसाच्या वाटीला हात लावला नाही.

"एक दिवस दम धरवला नाही तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मुलीत काही खोट असेल तर आत्ताच सांगा."

पुऱ्या वाढणारे सगळे हात थांबले. कुसुम पांढरी पडली. शेवटी मीच कॅलेंडर घेऊन पुढे झाले आणि सगळं कबूल केलं. टिंबं दाखवली, रेघ दाखवली, सायकलसुद्धा सांगितली. बाराही जण ऐकत होते आणि कोणाच्याही तोंडावरची रेघ हलत नव्हती.

"हे गणित तुमच्या मुलीलाही येतं का?" मुलाच्या आईने मला नव्हे, सासूबाईंना विचारलं.

उत्तर कुसुमनेच दिलं, अगदी खाली मान घालून. "मी मॅट्रिकला गणितातच नापास झाले. दोनदा." (ही गोष्ट आम्ही तोवर लपवून ठेवली होती.)

मुलाच्या आईने रसाची वाटी पुढे ओढली.

"मग आमचा होकार समजा," त्या म्हणाल्या.