कवळीची बाजू कोण घेणार

मावशी दात बनवते. उपटतात ते डॉक्टर, बसवतात तेही डॉक्टर. मधलं जे काही असतं ते मावशीचं. डॉक्टरांकडून तोंडाचा ठसा येतो, मावशी त्यात प्लास्टर ओतते, मेणाची हिरडी घडवते, एकेक दात रांगेत बसवते, मग गुलाबी अ‍ॅक्रिलिक शिजवून, घासून, चकाकी आणून डबीत घालून पाठवून देते. लोकांना वाटतं, डॉक्टरांच्या कपाटात शर्टाच्या बटणांसारखे दात पडलेले असतात. नवी कवळी लागली की माणूस आरशात बघतो, हसतो आणि डॉक्टरांचे हात धरून आभार मानतो. मावशीचे हात कोण धरणार? ती तर तळमजल्यावरच्या खोलीत, एका ट्यूबलाइटखाली, दुसऱ्या कोणाच्या तरी दाढा घासत बसलेली.

बरं, आपला माल ती लांबूनही ओळखते. बसमध्ये समोरच्या बाईंनी जांभई दिली की मावशीच्या मनात येतं, अगंबाई, ही तर आपलीच वरची रांग! पण सांगणार काय? "ताई, ते दात माझे" असं म्हटलं तर ती बाई पर्स घट्ट धरून पुढच्याच स्टॉपवर उतरेल. म्हणून मावशी गप्प बसते. अर्ध्या गावाचं हसू तिच्या हातचं आहे आणि अर्ध्या गावाला तिचा पत्ता नाही. याचं तिला वाईट वाटतं. कोणी विचारलं तर "छे हो" म्हणते, पण वाटतं.

तिच्या नावाची म्हणून जगात एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे कवळी. तोंडात घालायची नव्हे. ही कवळी लढते.

त्याचं असं झालं. मावशीच्या लॅबसमोर चष्म्यांचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी तो चष्मेवाला दुकान बंद करतो, मधल्या काउंटरवर भली मोठी फळी टाकतो आणि ओळखीच्यांना जमवून तिच्यावर फाशांची लढाई मांडतो. थर्माकोलचे डोंगर, निळ्या कापडाची नदी, पुठ्ठ्याचा पूल, आणि त्यातून चालणारी महायंत्रं: वीतभर उंचीची, तोफा लावलेली, पायांनी चालणारी अवजड धुडं. एकदा त्याच्या यंत्राचा पाय मोडला आणि तो धावत मावशीकडे आला. मावशीने कवळीच्या मसाल्याने पाय जोडून दिला. आपलं काम कसं टिकतंय ते बघायला म्हणून ती पुढच्या रविवारी गेली, आणि बसली ती बसलीच. नवरा म्हणाला, "अगं, या वयात फासे?" ती म्हणाली, "अहो, या वयात तुम्ही क्रिकेट बघत टीव्हीवर ओरडता, ते चालतं का?" विषय मिटला.

मग तिने स्वतःचं यंत्र केलं. हाताशी होतं ते वापरलं, म्हणजे प्लास्टरचं धड, हिरडीच्या गुलाबी रंगाचं चिलखत आणि पुढे हा एवढा थोरला जबडा, खऱ्या नमुन्याच्या दातांचा. बाकीच्यांची यंत्रं काळी, करडी, गंजक्या रंगाची, बघूनच धडकी भरावी अशी. त्यांच्यात ही गुलाबी बया उभी राहिली की हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. पण चिलखत असं भक्कम की तोफा थकाव्यात, आणि एकदा का ती शेजारी येऊन ठेपली आणि तिने चावा घेतला, की समोरचा संपलाच. अडचण एवढीच की ती कधी कोणाच्या शेजारी येऊन ठेपलीच नाही.

कारण मावशीचं डावं-उजवं. तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी बाई आणि डावं-उजवं कळत नाही? कळतं हो, पण दातवाल्यांचं. त्यांच्या धंद्यात तोंड समोरून बघायचं असतं, त्यामुळे आपल्या उजव्या हाताला जी दाढ दिसते ती पेशंटची डावी. उभा जन्म मावशीने हेच केलं. दात दिसले की तिची जीभ आपोआप उलटी फिरते, आणि कवळीला तर दातच दात. त्यात या खेळाचा नियम असा कडक, की महायंत्राला हात लावण्याआधी हुकूम मोठ्याने बोलायचा आणि बोललं ते झालं. उजवीकडचा पूल गाठायचा असला की मावशी ठणकावून म्हणायची, "कवळी, डावीकडे!" आणि जायची बिचारी डावीकडच्या दलदलीत. मावशी कपाळाला हात लावायची. सगळे टाळ्या पिटायचे. आणि समोर मास्तर बसलेले असले तर डोळे मिटून घ्यायचे.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, आता रिटायर. निम्म्या गावाला त्यांनी डावं-उजवं शिकवलं, पार दरडावून शिकवलं. मावशीचा हुकूम ऐकला की त्यांच्या उजव्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबला जायचा. माणूस तसा सरळ, पण तोंडातून कौतुकाचा शब्द काढेल तर शपथ. त्यांच्या हाताखालून पहिल्याच फटक्यात पास झालेल्या पोरांना त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे, "गाडी बंद नाही पडली." बायको गेल्यापासून घरी एकटेच असतात. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन दुकानाच्या पायरीवर बसतात आणि विचारलं तर म्हणतात, घड्याळ पुढे गेलंय. त्यांचं यंत्र म्हणजे रोडरोलर, पुढे दगडी रूळ आणि वर तोफांची रांग. दरवर्षीच्या क्रमवारीत पहिला.

ही क्रमवारी म्हणजे या मंडळींचा मोठा दिवस. वर्षअखेरीला सगळ्या महायंत्रांचा क्रम लावायचा, सगळ्यात वजनदार कोण, त्याखालोखाल कोण. पूर्वी ज्याचा तो आपल्याच यंत्राची आरती ओवाळायचा आणि चहा गार व्हायचा. म्हणून त्यांनी रीत पाडली: मालकाने तोंड उघडायचं नाही. यंत्राकडून जो हरला असेल त्यानेच त्या यंत्राच्या बाजूने बोलायचं, मग सगळ्यांनी हात वर करायचे. रीत चांगलीच आहे, पण कवळीकडून कोणी कधी हरलंच नव्हतं. बाजू घ्यायला माणूस नाही, म्हणून ती आपली शेवटच्या जागेवर गुपचूप उभी. चष्मेवाल्याच्या शोकेसमध्ये पाच यंत्रांची जागा आणि यंत्रं पाचच, म्हणजे चष्मेवाल्याची दोन, मास्तरांचा रोडरोलर, जुळ्या भावांचा खेकडा आणि कवळी, त्यामुळे आजवर निभावलं.

या वर्षी टपालवाल्याने सहावं आणलं. घंटाघर नावाचं, उंच, देखणं, ठणठण वाजणारं. जागा तेवढीच, आणि नियम असा, की शोकेसमध्ये नाही ते पुढचं वर्षभर खेळात नाही. चष्मेवाल्याने मान खाली घालून सांगितलं, "मावशी, क्रमवारीआधी तुमची एक लढत उरलीय. मास्तरांशी."

घरी येऊन मावशी जेवली नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "प्लास्टरचं खेळणं आहे हो, त्यात काय एवढं," आणि पदराने डोळे पुसले. नवरा लगेच उठून उभा राहिला. "चल, सराव करू. मी कवळी. तू हुकूम सोड." स्वयंपाकघरात त्याने दोन्ही हातांचा जबडा केला. मावशी म्हणाली, "डावीकडे!" तो डावीकडे वळला आणि गुडघा ओट्यावर आपटला. पुन्हा म्हणाली, "डावीकडे!" पुन्हा ओटा. "अगं, तुला न्यायचंय कुठे मला?" "फ्रिजकडे हो!" "मग सरळ फ्रिजकडे म्हण की! माझा गुडघा का फोडतेस?" असं म्हणून तो लंगडत गेला आणि बर्फ लावून बसला.

रविवारी दुकान गच्च भरलं होतं. मास्तरांनी रोडरोलर नदीपलीकडे मांडला आणि त्याच्या झाडून सगळ्या तोफा दलदलीवर रोखल्या. पुलावर एकही नाही. पूल मावशीच्या उजव्या हाताला, म्हणजे ही बाई येणार डावीकडून, हे त्यांचं पाठ झालेलं. मावशीला ते दिसलं. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती, डा... आणि तिला बर्फ लावून बसलेला नवरा आठवला.

"कवळी," ती म्हणाली, "पुलाकडे चल."

मास्तर ताडकन म्हणाले, "हा काय हुकूम झाला? डावं की उजवं?"

"पुलाकडे."

"बाई, अहो, असं चालत नाही! आजवर कोणी म्हटलंय का असं?"

चष्मेवाल्याने भिंतीवर चिकटवलेले नियम वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. "मास्तर, हुकूम मोठ्याने बोलायचा एवढंच आहे इथे. डावं-उजवं आपणच म्हणत आलो."

मास्तरांनी स्वतः जाऊन नियम वाचले. मग म्हणाले, "नियमात बसतंय ना? मग चालू द्या." त्यांनी रोडरोलर वळवायला घेतला, पण रोडरोलर तो, वळायला वेळ खातो. तोवर कवळी डुलत डुलत पूल ओलांडून आली. तोफांचे दोन तडाखे खाल्ले, एक दात उडाला, पण थांबली नाही. येऊन ठेपली. मावशीने फासे उचलले, पण घाईत ते फेकलेच गेले नाहीत, निसटले. पडले ते मात्र सहा आणि सहा.

जुळ्या भावांनी दुकान डोक्यावर घेतलं. मास्तरांनी रोडरोलर स्वतःच्या हाताने हळूच आडवा केला.

आणि चहा येईपर्यंत मावशीचा सगळा आनंद उतरला. कवळीकडून आता एक माणूस हरला होता खरा, पण तो कोण, तर मास्तर! कवळीचं सगळं त्यांच्या तोंडावर अवलंबून, आणि ते तोंड असं. टपालवाल्याच्या घंटाघराबद्दल चष्मेवाला रंगात येऊन बोलला. जुळ्यांच्या खेकड्याबद्दल टपालवाला जेमतेम दोन वाक्यं बोलला. मग चष्मेवाला म्हणाला, "कवळी. मास्तर, उठा."

मास्तर उठले. कवळीकडे बघत म्हणाले, "रंग वाईट आहे. चाल मंद आहे. लांब पल्ल्याची एकही तोफ नाही. गाडी म्हणून हिला मी रस्त्यावर येऊ दिली नसती."

मावशीने मान खाली घातली. झालं, संपलं, असं तिला वाटलं. चष्मेवाला घाईघाईने म्हणाला, "मास्तर, बाजूने बोलायचं असतं."

"बोलतोय ना. मधे बोलू नका." मास्तरांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तुमची यंत्रं समोर आली की तुम्ही सगळे माझ्या तोफा मोजता. ही बाई आली की आधी विचारते, मास्तर, जेवलात का? काय जेवलात? नुसता ब्रेड खाल्ला म्हटलं की रागावते. मग हुकूम सोडते, तोही उलटा. घरी मला कोणी काही विचारत नाही, घरी कोणी नाहीच. आठवडाभर मी ठरवत असतो, या वेळी काय जेवलो म्हणून सांगायचं. सांगायला लागेल म्हणून स्वयंपाक करतो." त्यांचे कान लाल झाले होते. "पहिला नंबर देऊ नका, तेवढी ती वजनदार नाही. पाचवा द्या. पण काढू नका. कवळी काढलीत तर ही यायची नाही. आणि ही आली नाही, तर मी तरी रविवारी जाऊ कुठे?"

मास्तर मट्‌कन खाली बसले. चष्मेवाल्याने सांगायच्या आधीच हात वर झाले होते. जुळ्यांचेही झाले, आणि मग कोणीतरी बोट दाखवल्यावर त्यांना कळलं की शोकेसबाहेर गेला तो त्यांचाच खेकडा; ते एकमेकांवर घसरले. त्या गोंधळात मावशी उठून मास्तरांच्या शेजारी जाऊन बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "कवळी काढली असती ना, तरी मी आले असते हो."

मास्तरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की?"

"अगदी नक्की. दर रविवारी."

"मग आधी सांगायचं ना, बाई!" मास्तर खेकसले. "उगाच एवढं बोलायला लावलंत मला!"