भेरूच्या झोळीतलं हिंगोट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. पंचेचाळीस वर्षं माझ्या घोरण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं तिनं सोसलं, पण ही गोष्ट तिच्या कानावर घालायची माझी छाती झाली नाही. ती गेली त्या दिवशीही नाही. तुम्ही अनोळखी आहात — म्हणून असेल, आज जीभ उचलतेय. पण एकदम सांगता येणार नाही. फिरत फिरत येतो, जरा सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात कॉलेजातून दोन मुली घरी आल्या. आमच्या इंदूरच्या कॉलेजच्या बास्केटबॉलची स्मरणिका निघायची आहे. जिमखान्यात एक लाकडी फळा आहे, त्यावर पांढऱ्या रंगात अकरा नामवंत खेळाडूंची नावं. अगदी सुरुवातीच्या काळातले आम्ही दोघंच उरलो, त्यातला मी शहरात सापडणारा. तेव्हा प्रत्येकावर दहा-दहा ओळी मी लिहाव्यात असं ठरलं. दहा जणांवर मी भराभर लिहून दिलं. स्वतःवर लिहायला तर चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही! त्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, आपको सब 'लढवय्या' कहते हैं." मी मान डोलावली. चांगली डोलावली.

अकरावा राहिला. भेरूलाल. फळ्यावर त्याच्या नावापुढे लिहिलंय — 'एक हंगाम'. एकच हंगाम खेळूनही नाव चढलं, यावरून तो काय खेळत असेल ते समजा.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. दुकानांच्या पाट्यांवर अजून मध्य भारतच होतं, आणि आमच्या घरात तर त्याच्याही मागचं होळकरांचं राज्य चालू होतं. पणजोबा फौजेत, आजोबा फौजेत, वडील मात्र कचेरीत कारकून. तलवार भिंतीवर आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मी त्यांचाच मुलगा. माझ्या रागाला फौज नव्हती, म्हणून मी त्याला मैदान दिलं.

मैदान मुरुमाचं. पडलात की गुडघ्याची साल तिथंच राहायची. संघात माझं काम एकच — भेरूसाठी वाट मोकळी करणं. खांदा, कोपर, गुडघा, जे हाताशी असेल ते. उज्जैनच्या एका पोराचं नाक मी कोपरानं फोडलं. तो मुरुमावर बसून दोन्ही हातांच्या ओंजळीत रक्त धरत होता, आणि भेरू बिचारा त्याला पाणी द्यायला धावला. मी? मी बनियनवर उडालेलं ते रक्त दोन दिवस धुतलं नाही. हाड मोडतानाचा तो बारीक आवाज मला आवडायचा. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्हाला वाटेल की चांगल्या मुलाच्या हातून एकदा काही चुकलं.

भेरू गौतमपुऱ्याचा. लसूण-बटाट्याची शेती. पहिल्या दिवशी चेंडू हातात घेऊन त्यानं असा निरखला, जसा काही बाजारात खरबूज घेतोय. आम्ही खूप हसलो. मग त्यानं एका हातानं फेकला — आणि कडीला न शिवता आत. आम्ही तेव्हा सगळे दोन्ही हातांनी छातीपासून फेकायचो. हा उजव्या एका हातानं, मनगट सैल सोडून. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, हिंगोट फेकून.

गौतमपुऱ्यात दिवाळीच्या पाडव्याला काय चालतं, ते सांगायला हवं. हिंगोट म्हणजे रानातल्या झाडाचं लिंबाएवढं फळ. ते कोरून, वाळवून त्यात फटाक्याची दारू भरतात. एका टोकाला पिवळ्या मातीचा बूच, दुसऱ्या टोकाला बारीक तोंड आणि त्यात वात. संध्याकाळी गौतमपुऱ्याची आणि शेजारच्या गावची अशा दोन फळ्या मैदानात समोरासमोर उभ्या राहतात, एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांची झोळी, आणि पेटवून पेटवून एकमेकांवर फेकतात. माणसं भाजतात. एखादा डोळ्यानं जातो. आणि तिथला रिवाज असा, की कुणी कुणाला मारलं हे विचारायचं नाही, मनात धरायचं नाही, खेळ संपला की गळाभेट. जखमेला मालक नसतो.

हा रिवाज मला भेरूनंच सांगितला, सराफ्यात कचोरी खाता खाता. मला तो फार लक्षात राहिला.

त्या वर्षी नव्या राज्याचा पहिलाच संघ निवडायचा होता. आमच्या कॉलेजातून एक जण जाणार. कोण, ते खेळाच्या सरांनी सांगितलं नव्हतं. पण आंधळ्यालाही दिसत होतं. एका रात्री जेवताना वडील म्हणाले, "खेड्यातला पोरगा तुझ्या पुढे जातो, आणि तू त्याची वाट झाडतोस?" एवढंच. मी हे त्यांच्यावर ढकलत नाही. ते हात धुऊन झोपले. पुढचं सगळं माझं.

भेरूनं मला दिवाळीला घरी बोलावलं. त्याच्या अंगणात त्याचा मांगीलालकाका हिंगोट भरत बसला होता. चाळीस वर्षं भरत होता. अर्ध्या गावाच्या झोळ्या त्याच्या हातच्या. मला म्हणाला, बस पावणा, तू पण भर. कसं भरायचं ते दाखवलं. आणि एक गोष्ट तीन-तीनदा बजावली — "मूंडो खुल्लो राखजे बेटा, नी तो हात में ज फूटेगो." तोंड मोकळं ठेव, नाहीतर हातातच फुटेल.

मी दहा-बारा भरली. नीट भरली. काका शाबास म्हणाला.

मग तो पाणी प्यायला उठला — आणि मी एकात दारू ठासून भरली. दोन्ही टोकांना बूच मारला. वातीपुरतं सुईएवढं भोक ठेवलं, वात बसवली, वरून अंगठ्यानं माती गुळगुळीत केली. वेळ किती लागला असेल? एक पाण्याचा लोटा रिकामा होईपर्यंत. ते वाळत टाकलं, आणि संध्याकाळी खुंटीवरच्या भेरूच्या झोळीत ठेवलं. वाईट वाटलं का? नाही. बरं वाटत होतं. उज्जैनच्या पोराला मारताना वाटलं होतं तसंच.

नंतर दोन रात्री मी त्याच घरात झोपलो. त्याच्या आईनं वाढलेलं जेवलो. लक्ष्मीपूजनाचा गूळ खाल्ला. झोळी खुंटीवरच होती, माझ्या अंथरुणापासून चार पावलांवर. त्या हिंगोटाचं तोंड इतरांपेक्षा जाड होतं, अंधारातही बोटांना कळलं असतं. चार पावलं! मी कूस बदलली.

पाडव्याला दिवस बुडताना दोन्ही फळ्या उभ्या राहिल्या. मी गौतमपुऱ्याच्या बाजूला मागे, काकाजवळ. पहिलं हिंगोट सूं करत गेलं आणि मग आभाळच फाटलं. धूर, आरोळ्या, पेटलेली पागोटी. समोरच्या एकाच्या मांडीत हिंगोट घुसून फुटलं, तो लोळला, त्याला ओढत नेलं, त्याच्या जागी दुसरा आला. लोक ओरडत होते, मीही ओरडत होतो. आणि मोजत होतो. भेरूनं झोळीत हात घातला की मी टाचा उंचावून पाहायचो. वात पेटायची, मनगट सुटायचं, हिंगोट उडून जायचं — आणि मला वाटायचं... काय वाटायचं सांगू? सुटलो असं नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा तसं पढवलंय. पण मला वाटायचं, हेही नाही? अजून नाही?

मग आवाज आला. बाकीच्यांपेक्षा बुटका, बंद आवाज. भेरू उभाच होता. हात वर, फेकायच्या बेतात, मनगट सैल. फक्त त्या मनगटापुढे हात म्हणावा असं काही राहिलं नव्हतं. अंगठा नव्हता. दोन बोटं कातड्याला लोंबत होती. हाड पांढरं दिसत होतं आणि त्यावरून रक्त त्याच्या कोपरापर्यंत धावत होतं. त्यानं ते पाहिलं, मग वळून मागे पाहिलं. कुणाला शोधत होता? मला. मी धावलो. माझा सदरा फाडून मीच बांधला त्याच्या हाताला. लोक म्हणाले, दोस्त असावा तर असा.

खेळ थांबला नाही. तिथे एकासाठी थांबत नाही.

बैलगाडी जोडेपर्यंत गावातली जाणती माणसं जमली. कुणी मारलं हे तिथे विचारत नाहीत, पण हे हिंगोट तर समोरून आलंच नव्हतं, झोळीतलं होतं. म्हणून त्यांनी विचारलं, कुणी भरलं? काकानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं — मला आजही त्याचे डोळे दिसतात — त्याला वाटलं, शहरातल्या पोराच्या हातून चूक झाली. नवखा आहे. पाहुणा आहे. पाहुण्याचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? तो म्हणाला, "म्हने भर्यो."

मी भरलं.

तिथे तोंड उघडायला मला एक शब्द पुरला असता. चूक झाली म्हटलं असतं तरी चाललं असतं, अर्धं खोटं तरी. भेरूचा बाप पुढे आला आणि त्यानं आपल्या सख्ख्या भावाच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. काकाची टोपी पडली, ओठ फाटला, तो हात खाली सोडून उभा राहिला. मी गाडीत भेरूचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. दिसत होतं सगळं. बसून राहिलो.

त्यानंतर गावात कुणी काकाच्या हातचं हिंगोट घेतलं नाही. भावांची चूल वेगळी झाली. काका आठ-नऊ वर्षांनी गेला, तोवर पाडव्याच्या संध्याकाळी तो घराचं दार लावून बसायचा, असं भेरूनंच मला सांगितलं. पुतण्याचा हात आपण खाल्ला असं त्याला नव्हतं वाटत, भेरू म्हणे. तो फक्त म्हणायचा, मी शेजारी बसून नीट पाहायला हवं होतं.

इस्पितळात उरलेली बोटंही गेली. शुद्धीवर आल्यावर भेरू पहिल्यांदा काय बोलला? "अब टीम में तू जाएगा भिया. कलाई ढीली रखना." पंधरा दिवसांनी तो मला खजराण्याला घेऊन गेला. गणपतीच्या मागच्या भिंतीवर लोक उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात, मागणं पुरं झालं की येऊन सुलटं काढतात. भेरूनं डाव्या हातानं, वाकडंतिकडं, उलटं स्वस्तिक काढलं. माझी निवड व्हावी म्हणून. मी शेजारी शेंदराची वाटी धरून उभा होतो.

निवड झाली. त्याच्याच पद्धतीनं, एका हातानं फेकायला शिकलो होतो, त्याच्यावर झाली. दोन सामने खेळलो. दुसऱ्यात हरलो. फळ्यावर नाव चढायला तेवढं पुरलं, आणि त्या नावावर बँकेत नोकरी लागायलाही. भेरू कॉलेज सोडून गावी गेला, डाव्या हातानं कुदळ मारायला शिकला. सुलटं स्वस्तिक काढायलाही तोच एकटा जाऊन आला. मी वेळ नाही म्हणालो होतो.

तो आहे अजून. दर दिवाळीला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर लसणाची थैली पाठवतो. मी ठेवून घेतो. खातो.

का केलं, असं विचाराल. हेवा, तोरा, वय — शब्द खूप आहेत, आणि एकेका शब्दाआड मी दहा-दहा वर्षं लपून काढली आहेत. आता नको. मला त्याचा हात फोडायचा होता, आणि मी फोडला. काकाला मार खाताना पाहायचं नव्हतं, पण पाहिलं, आणि गप्प बसलो. त्यातलं दुसरं जास्त वाईट आहे असं आताशा वाटतं. पण वजन करायला मी कोण?

भेरूवरच्या दहा ओळी काल लिहून झाल्या. शेवटी लिहिलं होतं की फळ्यावरून माझं नाव पुसून टाका. ते खोडलं. तेही एक मागणंच झालं. मुली छापतील की नाही ठाऊक नाही. म्हणून एक प्रत मीच गौतमपुऱ्याच्या पत्त्यावर पोस्टात टाकली. भेरूला आता दिसत नाही, आलेला कागद त्याची नात वाचून दाखवते. ती पाकीट फोडेल आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचेल. पहिली ओळ अशी आहे: ते हिंगोट मांगीलालकाकानं भरलं नव्हतं, मी भरलं होतं.