गाळातून निघालेली सायकल

चिचगडकडच्या आमच्या गावचा तलाव यंदाच्या उन्हाळ्यात उपसला, तेव्हा मशीनच्या दातात अडकून एक सायकल वर आली. ड्रायव्हर ती भंगारात द्यायला निघाला होता. मी ओरडलो, "हात लावू नको, माझी आहे!" माझी कुठली? पण जन्म गेला धान गिरणीत फिटरकी करण्यात. लोखंड असं फेकून देताना पाहिलं की टाळकंच फिरतं माझं. टेम्पोत घालून फुलचूरला घरी आणली. बायको म्हणाली, "घरात एक भंगार होतंच, आता दोन झाले."

टायर, सीटचं चामडं, सगळं गेलेलं. फ्रेम मात्र गाळानं राखली होती. चार दिवस डिझेलात भिजवली. दांड्यांचे ब्रेक पाहून माझ्या लहानपणची असावी एवढं कळलं. मग हँडलखालच्या बोल्टात एक पितळी बिल्ला सापडला. पूर्वी सायकलीवर कर असायचा. तो भरला की दर वर्षी नवा बिल्ला मिळे आणि त्यावर साल ठोकलेलं असे. चिंचेनं घासल्यावर साल दिसलं. माझं नाव शाळेत घातलं, त्याच्या आदल्या वर्षाचं साल होतं ते. पुढच्या वर्षी, मी पहिलीत असताना, बाबांची सायकल गेली होती. तिच्यापायी आमचं घर फुटलं होतं.

बिल्ले तपासणारा येऊन राहिला अशी बोंब उठली, की आमच्या गावात बिनबिल्ल्याच्या सायकली तलावात बुडवून ठेवत. तो गेला की काढत. बाबा गुरुजी होते, पण त्या वर्षीचा नवा बिल्ला त्यांनीही घेतला नव्हता. गुरुजींनीच कर चुकवला, असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी आपली सायकल लांबच्या काठाला, बेशरमाच्या झुडपात बुडवली आणि जागा फक्त धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या काकांना सांगितली. दुसऱ्या दिवशी सायकल नाही! "जागा तुलेच मालूम होती," बाबा म्हणाले. काकांनी देवाच्या, पोराबाळांच्या शपथा घेतल्या. बाबांनी ऐकलं नाही. गुरुजी म्हणतात म्हणजे खरंच, म्हणून गावानंही ऐकलं नाही. काका सायकलचोर झाले.

तरी ही तीच सायकल, हे मन मानेना. तसे जुने बिल्ले गावात पुष्कळांकडे असतील. आई सांगायची, तिच्या लग्नात भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून आजोबांनी आंदणाच्या सायकलीवरही जावयाचं नाव घालून घेतलं होतं. सीटखालची नळी मी हळूहळू घासत गेलो. ठिपक्याठिपक्यांचं एक अक्षर आलं, मग दुसरं. बाबांचं पूर्ण नाव निघालं.

त्या काठाला, पाण्याखाली, घरांसाठी माती काढलेला जुना खड्डा होता. मशीनला सायकल लागली ती तिथंच. घसरून गेली असणार, दुसरं काय! बाबांचा मला भयंकर राग आला. आणि माझा त्याहून जास्त. कारण बाबा वारले तेव्हा काका खांदा द्यायला आले होते. बाबांनी सांगून ठेवलेलं, म्हणून मी भर गावासमोर त्यांना मागे सारलं होतं.

चाकं फिरती केली, टायर चढवले आणि सायकल गावाला नेली. ऐंशी उलटलेले काका आंगणात बसले होते.

"काऊन आला?"

"सायकल भेटली, काका. तलावातच होती."

त्यांनी सीटखाली बोट घालून अक्षरं चाचपली. मग काठी घेऊन उठले. "चाल. गावाले दाखवू."

मी सायकल ढकलत होतो, काकांचा एक हात सीटवर. दर दारासमोर ते थांबत. "पाहा, गुरुजीची सायकल. तलावातच होती." दारात सुना येत, नाहीतर नातवंडं. "कोन्ती सायकल, आजा?" चोर म्हणणारे सगळे केव्हाच मसणात गेलेले. पाचव्या दारानंतर काकांचा आवाज बसला.

शेवटी आमचं घर आलं. बाबांमागून आईही गेली, तेव्हापासून त्याला कुलूप आहे. काका पायरीवर टेकले.

"म्हननारे तं सारे गेले रे. आता कोनाले सांगू?" माझ्याकडे बघत राहिले. "तूच उरला. तू म्हन."

मी सायकल भिंतीला लावली. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "काका, तुमी चोर नव्हते. मी तुमाले खांदा देऊ देला नाही. चुकलो मी."

काकांनी कानामागे हात धरला. "अजून एक डाव म्हन."

मी पुन्हा म्हणालो.